कुलपातला केक चालला कसा

१

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कोणी ठेवलाच, तर त्याची तब्येत एकदा तपासून घ्यावी. खोलीला बाहेरून कुलूप, किल्ली मालकिणीच्या गळ्यात, आत चिटपाखरू नाही. आणि तरी पहाटे पाच वाजून अकरा मिनिटांनी त्या खोलीत एक पाच मजली केक वीतभर चालत गेला आणि तोंडघशी पडला.

पाहिला तो ताईने. ताई म्हणजे बेकरीची मालकीण. सकाळी सहाला तिने थंड खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. काल संध्याकाळी भिंतीजवळ ठेवलेली चाकांची ट्रॉली पुढे आली होती. तिचं एक चाक पाणी वाहून जायच्या चरात रुतलं होतं. आणि अग्निशमन केंद्राला पन्नास वर्षं झाली म्हणून केलेला केक, वर साखरेची शिडी, शिडीवर साखरेचा जवान, असा सगळा ऐवज फरशीवर पसरला होता. जवान तेवढा शाबूत होता. तो क्रीममध्ये कमरेपर्यंत बुडून छताकडे बघत होता.

केक पोचवायचा होता दुसऱ्या दिवशी दुपारी चारला.

तेवढ्यात मागच्या दाराने मामा आला. मामा हा ताईचा धाकटा भाऊ, बेकरीची पिकअप चालवणारा. ताईच्या मुलीचा मामा म्हणून सगळ्या गल्लीचा मामा. पाठीमागे त्याला थापामामा म्हणत, आणि तोंडावरही म्हणत, कारण त्याला त्याचं वाईट वाटत नसे. एकदा पिकअपचा ब्रेक लागेना तेव्हा आपण बोनेटवर चढून समोरून गाडी ढकलली, असं तो आजही सांगतो.

त्याने केक पाहिला, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं."

या तीन शब्दांनी त्याचा घात केला. ताईने हात पुढे केला.

"गाडीची किल्ली ठेव इथे. आजपासून केक भाड्याच्या गाडीने जातील, आणि पिकअप विकायची."

२

मामाने काय म्हटलं होतं, ते कळायला एक महिना मागे जावं लागेल.

पिकअपचे मागचे शॉकअप गेले होते. शॉकअप म्हणजे चाकाशेजारी उभी असते ती जाड नळी. खड्डा आला की चाक उडतं, स्प्रिंगच्या पाट्यांवर गाडी झुलते, आणि ते झुलणं आवरतो शॉकअप. तो गेला की एका खड्ड्याला गाडी पाच वेळा मान डोलावते, जणू खड्ड्याचं म्हणणं तिला पटलंय. मामा हे महिनाभर सांगत होता. पण सांगायचा कसा, तर गाडी परवा पुलावर उडाली आणि खालून बोट गेली. मग खरं कोण मानणार? दोन केक तिरपे पोचले, तिसऱ्याचा वरचा मजला पेटीच्या झाकणाला चिकटून गेला, आणि ताईने निष्कर्ष काढला की भावाचं लक्ष रस्त्यावर नसतं.

शेवटी गॅरेजच्या मेस्त्रीने मागच्या हौद्याच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाब देऊन सोडला. गाडी डुलत राहिली, डुलत राहिली, मेस्त्रीने विडी पेटवली तरी डुलत होती. नळीवर तेल ओघळलेलं होतं. नवे घ्यायचे ठरलं.

कुठले, यावर रणकंदन झालं. मेस्त्री म्हणाला गॅस भरलेले घ्या, दणकट, वीटभट्टीवाले तेच बसवतात. मामा म्हणाला साधे तेलाचे घ्या, नरम असतात. शेवटी पार्टच्या दुकानदाराने दोन्ही जोड्या बघायला दिल्या, एका अटीवर: जी नको असेल ती जोडी जशीच्या तशी, वर बांधलेल्या पट्टीसकट परत यावी. बेकरीत कुलूप लागणारी खोली एकच. म्हणून दोन्ही खोके थंड खोलीत गेले.

आणि काल संध्याकाळी सगळ्यांसमोर मामा म्हणाला होता की गॅसवाले इतके आडदांड आहेत की ते बसवायची गरजच नाही, नुसते शेजारी ठेवले तरी केक पडेल.

आता केक पडला होता, आणि त्याच्या शेजारी, भिंतीला एक टोक लावून, गॅसवाला शॉकअप पडला होता. खोका टराटरा फाटलेला. आणि गंमत म्हणजे काल सांजवेळी हातभर असलेला तो शॉकअप आज दीड हात झाला होता.

"बदललाय कोणीतरी," भाची म्हणाली. भाची म्हणजे ताईची मुलगी, केकवरचं सगळं क्रीमकाम तिचं. "मामा, हा आपला नाहीच. आपला एवढासा होता."

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं.

३

वरच्या मजल्यावर मापकाकू राहायच्या. त्यांनी पस्तीस वर्षं वजनमापांची तपासणी केली होती. बाजारात त्या शिरल्या की तराजू आपोआप सरळ व्हायचे असं मामा सांगे, आणि त्याच्या इतर बोलण्यापेक्षा हे सत्याच्या बरंच जवळ होतं. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नाही म्हणून त्या जिन्याच्या पायऱ्या मोजत. गलका ऐकून त्या खाली आल्या, कमरेला मोजपट्टी, नाकावर चष्मा.

मामाने त्यांना बाजूला घेतलं. तो आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होता. काकू, म्हणाला, गाडी गेली तर मी काय करू? बेकरीत पीठ मळू? माझ्या हाताचे पाव कोणी विकत घेतील का? वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलोय, माझ्या पाठीचा आकार तिला आणि तिचा माझ्या पाठीला आलाय.

काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, पहाटे पाच वाजून अकरा मिनिटांनी तू कुठे होतास?

वेळ इतकी नेमकी कशी, तर धप्प आवाज त्यांनी स्वतः ऐकला होता आणि सवयीने घड्याळ पाहिलं होतं.

"झोपलो होतो," मामा म्हणाला.

इतकं साधं उत्तर मामाकडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. मगरीशी कुस्ती खेळत होतो म्हणाला असता तर सवयीने मान डोलावून सोडून दिलं असतं. झोपलो होतो म्हणाला, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, असं भाचीलासुद्धा वाटलं.

काकूंनी मात्र त्यावर काही मत दिलं नाही. त्या थंड खोलीत उकिडव्या बसल्या आणि मोजू लागल्या. भिंतीपासून ट्रॉलीच्या खालच्या फळीपर्यंत अठ्ठावन्न सेंटिमीटर. पडलेल्या शॉकअपची लांबी अठ्ठावन्न. खोक्यातला त्याचा जोडीदार, ज्याच्यावर पट्टी तशीच होती, छत्तीस. काकूंनी हे सगळं हाताच्या तळव्यावर लिहिलं.

मग ट्रॉलीच्या चाकाखालून त्यांनी बोटभर लाल रिबीन ओढून काढली. केकच्या पेट्यांना बांधतात तीच. तिच्यावर तपकिरी, चिकट काहीतरी लागलं होतं. काकूंनी ते बोटावर घेतलं, वास घेतला, आणि सगळे नको नको म्हणेपर्यंत चाटून पाहिलं.

"साखर," त्या म्हणाल्या. "मेस्त्रीला बोलवा."

४

मेस्त्री आला तो हसतच. शॉकअप बघून तो म्हणाला की यात बदलाबदल कसली, हा तोच आहे. गॅसचा शॉकअप दाबून, पट्टी बांधून येतो. पट्टी कापली की आतला गॅस दांडा बाहेर ढकलतो. आपलं आपण वाढतं ते. चांगला दहा-बारा किलोचा जोर असतो.

भाचीने टाळी वाजवली. म्हणजे शॉकअपने ट्रॉली ढकलली. चाकांवरची ट्रॉली, तिला असा कितीसा जोर लागतो? अंतर तर जुळतंच आहे, अठ्ठावन्नला अठ्ठावन्न. मामाचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं होतं: शेजारी ठेवला आणि केक पडला.

मामा छाती फुगवणार इतक्यात ताई म्हणाली, मग पट्टी कोणी कापली?

मामाची छाती पुन्हा खाली गेली.

काकूंनी मेस्त्रीला विचारलं, पट्टी कापल्यावर पूर्ण वाढायला किती वेळ लागतो? मेस्त्री म्हणाला, अर्धा मिनिट. फार तर पाऊण.

इथे मात्र हिशेब अडला. केक पडला पाच अकराला. म्हणजे पट्टी कापली पाच दहाला. पण खोली बंद झाली आदल्या संध्याकाळी सातला, आणि कुलूप निघालं सकाळी सहाला. पाच दहाला त्या खोलीत कात्री घेऊन उभं राहायला भूतच हवं.

"किंवा दुसरी किल्ली," ताई भावाकडे बघत म्हणाली.

मामाने खिसे उलटे करून दाखवले. त्यातून एक पेन्सिल, दोन बोल्ट आणि अर्धं बिस्किट निघालं. ताईला त्याने काही समाधान झालं नाही. किल्ली काय, पुरूनही ठेवता येते. आता मामाला वाटलं, कबूल करून टाकावं. न केलेली कितीतरी कामं त्याने आजवर केली म्हणून सांगितली होती, त्यात आणखी एक. त्याने तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "आज एक दिवस खरं बोललायस, ते नासवू नकोस."

५

काकूंनी सगळ्यांना भट्टीपाशी स्टुलांवर बसवलं. भट्टी पेटलेली होती, कारण केक पडो की आभाळ, पाव ठरल्या वेळी निघायचेच.

त्यांनी भाचीला एकच प्रश्न विचारला: साखरेच्या पाकाची फुलं थंड खोलीत का ठेवत नाहीत? भाची म्हणाली, हे काय विचारणं झालं, पाक कितीही काचेसारखा कडक झाला तरी तिथे ओल धरतो, आठ-दहा तासांत चिघळतो. म्हणून तर शिडी आणि जवान साखरेच्या पिठाचे केले, पाकाचे नाही. आईनेच शिकवलंय. पाकाची कढई आई दुसऱ्या कोणाच्या हाती देतच नाही.

ताई अचानक पाव बघायला उठली. काकूंनी तिला बसवलं.

आता काकू जे बोलल्या ते असं. सकाळपासून आपण शोधतोय की किल्ली नसताना आत कोण शिरलं. पाच अकराला आत कोणीच नव्हतं, हे कुलूप ओरडून सांगतंय. मग कुलपाचं ऐकूया. पट्टी पहाटे कापलेली नाही, संध्याकाळीच कापली. कापल्यावर शॉकअप वाढू लागला, तेव्हा कोणीतरी तो दाबून पुन्हा छोटा केला आणि बांधला. कशाने? हाताशी होती त्या रिबिनीने. रिबीन गुळगुळीत, गाठ सरकते. तर त्या माणसाने गाठीवर पाक ओतला. मेस्त्रीने तार बांधली असती. मामाने दोरी बांधून वर त्याची गोष्ट सांगितली असती. जगात कुठलीही वस्तू साखरेने चिकटवता येते असं फक्त बेकरीवाल्यालाच वाटतं. रात्रभर पाक चिघळत गेला, पहाटे गाठ सुटली, आणि शॉकअपने भिंतीला पाठ लावून ट्रॉली ढकलली.

भट्टीत पाव फुगत होते.

"खोलीत शिरणारं एकच माणूस होतं," काकू म्हणाल्या, "आणि आपण त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं. कारण सगळ्यांना विचारत तेच होतं."

ताईने पदराने तोंड पुसलं. मग एकदम हसू लागली, इतकी की स्टूल डगमगलं. हसता हसता तिने सांगितलं. कोणताही माल आत घेताना उघडून बघायची तिची सवय. पिठाच्या पोत्यात हात घातल्याशिवाय ती सही करत नाही. तर काल कुलूप लावायच्या आधी तिने शॉकअपची पट्टी कापली, आत काय आहे बघू म्हणून. आणि ती वस्तू तिच्या हातात जिवंत झाल्यासारखी वाढायला लागली. तिला वाटलं, मोडलं. आता दुकानदार परत घेणार नाही, आणि हे भावाला कळलं तर तो जन्मभर त्याच्या गोष्टी करील. मग तिने शॉकअप टेबलावर उभा केला, त्याच्यावर अंगाचा सगळा भार टाकून दाबला, बांधला, गाठ पाकाने बुजवली, खोक्यात घालून ट्रॉलीमागे भिंतीशी अडकवला, आणि देवाचं नाव घेऊन कुलूप लावलं.

"पण सकाळी केक बघितल्यावर कळलं नाही तुला?" भाचीने विचारलं.

"खरं सांगू? शंका आली," ताई म्हणाली. "पण हा म्हणाला ना, मी म्हटलंच होतं. मग मला वाटलं, बरं झालं, यानेच केलं असेल."

मामा उठला. रागवावं की नाही हे त्याला ठरवता येईना. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर खोटा आळ आला होता. याआधीचे सगळे आळ त्याने स्वतःच घेतलेले होते. ताईने गळ्यातून गाडीची किल्ली काढली, पण लगेच दिली नाही.

"देते," ती म्हणाली. "पण केक पुन्हा पडला तर?"

६

म्हणजे प्रश्न जिथल्या तिथेच होता: शॉकअप कुठले? गॅसची पट्टी कापली गेली होती, ती जोडी आता दुकानदार घेणार नव्हता. मेस्त्री म्हणाला, मग तीच बसवून टाका, आयती गळ्यात पडलीय.

काकूंनी विचारलं, ही गाडी वाहते काय?

मेस्त्री म्हणाला, पिकअप काय वाहणार, पोती. ताई म्हणाली, पोती कुठे, पीठ गिरणीच्या गाडीने येतं. पिकअपमध्ये जातात फक्त केक. काकूंनी पेटीसकट पाच मजल्यांचं वजन काढायला लावलं. एकतीस किलो. मेस्त्रीने डोकं खाजवलं. टनभर विटांसाठी केलेला ताठ शॉकअप एकतीस किलो क्रीमखाली घातला, तर गाडी दगडासारखी आपटत जाईल, आणि भार शॉकअप उचलतच नाहीत, तो पाटे उचलतात, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं. इतकी वर्षं तो सगळ्यांना विचारायचा गाडी कुठली. गाडीत काय, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"नरमच पाहिजेत," मामा म्हणाला. "मी महिनाभर तेच सांगतोय." आणि त्याच्या लक्षात आलं की सगळे ऐकतायत. त्याला इतकं चुकल्यासारखं झालं की तो पुढे काही बोललाच नाही.

दुपारी तेलाचे शॉकअप बसले. आडवे पडून राहिले होते म्हणून मेस्त्रीने ते आधी उभे धरून चार-पाच वेळा दाबून ओढले, तेल जागेवर आणलं, आणि गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचे बोल्ट आवळले. हौद्याचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. तिकडे भट्टीवर सगळे जुंपले होते. काकूंनी मैदा मोजला, इतका बारकाईने की ताईला दोनदा ओरडावं लागलं. मेस्त्रीने अंडी फेटली. भाचीने नवी शिडी केली, आधीपेक्षा उंच. जुना जवान धुऊन तसाच घेतला. तो अनुभवी होता.

दुसऱ्या दिवशी निघताना ताईने किल्ली मामाच्या हातात दिली आणि स्वतः हौद्यात, केकच्या पेटीशेजारी जाऊन बसली. विश्वास वगैरे ठीक, म्हणाली, पण मी डोळ्याने बघणार. आज केक सरळ पोचला तर गाडी तुझी, मरेपर्यंत.

मामाने गाडी अशी चालवली की गल्लीतली मांजर पुढे निघून गेली. गतिरोधकावर त्याने श्वास धरला, खड्ड्यांत तो स्वतःच सीटवरून उचलला गेला. अग्निशमन केंद्राच्या अंगणात इंजिन बंद केलं तेव्हा त्याच्या शर्टातून पाणी पिळता आलं असतं. ताई हौद्यातून उतरली. मागोमाग रिक्षाने मापकाकू आणि भाचीही पोचल्या. जवानांनी पेटी उघडली.

पाच मजले, शिडी, शिडीवर जवान. ओळंबा लावून बघा.

टाळ्या झाल्या. कोणीतरी मामाला खुर्ची दिली, कोणीतरी सरबत दिलं, आणि कोणीतरी विचारलं की या रस्त्याने हा आणलात कसा. ते विचारायला नको होतं. मामाने सरबताचा एक घोट घेतला, आणि दोन दिवस कोंडलेलं सगळं बाहेर पडलं.

म्हणाला, तुम्हाला खरं वाटणार नाही. चौकात समोरून बैलगाडीएवढा खड्डा आला. वळायला जागा नाही. मी म्हटलं, होऊन जाऊ दे. गाडी उडाली. डावीकडच्या घरात एक बाई दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घालत होती, तिने मला नमस्कार केला, मी तिला केला. वर असतानाच मी आरशात मागे बघितलं. पेटी हवेत, पेटीत केक हवेत, आणि ताई पेटीच्याही वर. पण नवे शॉकअप असे, असे हळुवार, की गाडीने जमिनीला पाय लावला तो आईने बाळ पाळण्यात ठेवावं तसा. आधी पेटी बसली, मग ताई बसली. मी खाली उतरून केक मोजला. वरच्या मजल्यावर चोवीस चेऱ्या लावून निघालो होतो, चोवीसच्या चोवीस जागच्या जागी.

जवानांचे घास हातातच राहिले. मापकाकूंनी चष्मा पुसला. भाची खाली बघून हसू दाबत होती.

"साफ खोटं," ताई मागून मोठ्याने म्हणाली. "तेवीस आहेत. गाडी इतकी सरळ चालली होती की वाटेत कंटाळून एक मी खाल्ली."